मधुमेहाचे मूळ आईच्या रिकाम्या ताटात
पुण्याजवळच्या सहा गावांतील संशोधन आपल्या घराला काय सांगते?

मधुमेह हा शेठसावकारांचा रोग, गादीवर बसून तूपसाखर खाणाऱ्याला होणारा रोग, असा आपल्याकडे जुना समज आहे. पण आज कोणत्याही वस्तीत जा. रिक्षा चालवणारा, बिगारी काम करणारा, चार घरची धुणीभांडी करणारी बाई यांच्या घरात साखरेच्या गोळ्यांची पाकिटे दिसतात. अंगावर मांस नाही, गालफडे बसलेली, आणि डॉक्टर सांगतात की साखर वाढली आहे. माणूस चक्रावून जातो. "मी कधी गोडधोड खाल्ले? मला हा रोग कुठून लागला?" असे तो विचारतो.

त्याचा प्रश्न अगदी बरोबर आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. एवढी माणसे काही तूपसाखर खाऊन आजारी पडलेली नाहीत. मग कारण काय? या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग आपल्याच महाराष्ट्रात, पुणे जिल्ह्यातल्या सहा साध्या गावांत सापडला आहे. ते संशोधन प्रत्येक घरातल्या आईने आणि बापाने समजून घ्यावे असे आहे.

इंग्लंडच्या जुन्या वह्या

ही गोष्ट सुरू होते इंग्लंडमध्ये. तेथील हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून परिचारिका घरोघर जाऊन जन्मलेल्या प्रत्येक बाळाचे वजन वहीत लिहून ठेवत. त्या वह्या पुढे डॉ. डेव्हिड बार्कर यांच्या हाती लागल्या. ती बाळे आता म्हातारी झाली होती. कोण कशाने आजारी पडले, कोण कशाने गेले, याचा मेळ त्यांनी जन्माच्या वजनाशी घातला. १९८९ मध्ये त्यांनी जगापुढे मांडले की जी बाळे जन्मताना हलकी होती, त्यांच्यात मोठेपणी हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण जास्त होते. पुढे मधुमेहाबाबतही तेच दिसले.

हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात, महायुद्धाच्या काळात, भयंकर दुष्काळ पडला होता. माणसाला दिवसाकाठी हजार उष्मांकही मिळत नव्हते. त्या दुष्काळात जी मुले आईच्या पोटात होती, त्यांच्या रक्तातील साखर पन्नाशीच्या सुमारास तपासली, तेव्हा ती इतरांपेक्षा जास्त निघाली. म्हणजे उपासमार आईची झाली आणि तिची खूण पन्नास वर्षांनी मुलाच्या रक्तात दिसली.

पुण्याच्या सहा गावांत

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना हाच प्रश्न पडला होता. त्यांच्याकडे येणारे मधुमेहाचे रुग्ण पुस्तकात लिहिल्यासारखे जाडजूड नव्हते. ते तरुण होते आणि दिसायला बारीकच होते. १९९३ मध्ये त्यांनी इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील संशोधकांबरोबर पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. लग्न झालेल्या दोन हजारांहून अधिक स्त्रियांची नोंद केली. त्यांच्यापैकी ज्या गरोदर राहिल्या, त्यांचे खाणे, काम, वजन, रक्त यांची गरोदरपणात तपासणी केली. बाळ जन्मले की ते मोजले. आणि इथेच न थांबता ती बाळे मोठी होईपर्यंत त्यांचा पाठपुरावा चालू ठेवला.

त्या आया कशा होत्या? आपल्या आया-बहिणींसारख्याच. सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास, उंची पाच फूट. शेतात राबणाऱ्या, पाणी वाहणाऱ्या. दिवसाला साधारण १८०० उष्मांक आणि ४५ ग्रॅम प्रथिने एवढेच त्यांच्या पोटात जात होते. त्यांच्या बाळांचे सरासरी वजन भरले २.७ किलो. साउथॅम्प्टनच्या गोऱ्या बाळांचे सरासरी वजन होते ३.५ किलो.

बाळे लहान असणार हे तर कोणीही सांगितले असते. पण मोजमाप केल्यावर एक नवीच गोष्ट कळली. आपल्या बाळांचे स्नायू कमी होते, पोटातले अवयव लहान होते, मात्र कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे बाळ दिसायला बारीक, पण आतून चरबीचे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाला शास्त्रज्ञांनी नावच दिले, 'बारीक पण चरबीयुक्त भारतीय बाळ'.

याची एक गमतीदार साक्षही आहे. डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन यांनी २००४ मध्ये आपला दोघांचा फोटो वैद्यकीय नियतकालिकात छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते. पण अंगातील चरबी मोजली, तेव्हा इंग्रज डॉक्टरांच्या शरीरात निघाली ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या शरीरात २१.२ टक्के! वजनकाटा सारखाच आकडा दाखवतो, पण आतला माल वेगळा असतो.

हे होते कसे?

पोटातल्या बाळाला आईकडून जे मिळते त्यातच भागवावे लागते. तुटपुंज्या मजुरीत घर चालवणारी बाई जसा आधी पिठाचा आणि रॉकेलचा विचार करते आणि नव्या लुगड्याचा विचार मागे टाकते, तसेच बाळाचे शरीर करते. सर्वात आधी ते मेंदूला जपते. मग स्नायू, स्वादुपिंड, मूत्रपिंड यांच्या वाट्याला उरलेसुरले येते.

रक्तातील साखर वापरण्याचे मोठे काम स्नायू करतात, आणि ती साखर स्नायूंत पोचवणारे इन्सुलिन स्वादुपिंडात तयार होते. दोन्ही जन्मापासूनच दुबळे असले तर काय होणार? जोवर खाणे बेताचे आणि कष्ट भरपूर, तोवर गाडी चालते. पण पुढे माणूस शहरात आला, चालणे कमी झाले, वडापाव, बिस्किटे आणि गोड चहा वाढला, पोट सुटू लागले, की ते दुबळे शरीर तो भार पेलू शकत नाही. साखर रक्तातच साचत जाते.

पुण्यातच १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या मुलांच्या दुसऱ्या एका अभ्यासात हे स्वच्छ दिसले. जी मुले जन्मताना हलकी होती आणि आठव्या वर्षी वजनदार झाली, त्यांच्या शरीरात इन्सुलिनचे काम सर्वात जास्त अडत होते. म्हणून 'लहानपणी अशक्त होते, आता खाऊन खाऊन गुटगुटीत झाले' हे नेहमीच आनंदाचे लक्षण नसते.

आणि सहा गावांतल्या त्या बाळांचे काय झाले? ती १८ वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासणी झाली. त्यांच्यातील जवळजवळ निम्मी अजूनही कमी वजनाची होती. तरीही मुलांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के जणांच्या रक्तातील साखर असावी त्यापेक्षा जास्त होती. बहुतेकांना अजून मधुमेह झालेला नव्हता, पण त्यांचे पाय त्या वाटेला लागले होते. अठरा वर्षांचे सडपातळ पोर, आणि ही अवस्था!

नुसते पोट भरून भागत नाही

त्या अभ्यासातील आहाराचे काम पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील डॉ. शोभा राव यांनी पाहिले. त्यांना आढळले की आईने किती भाकरी किंवा भात खाल्ला यावरून बाळाच्या वजनात मोठा फरक पडला नाही. फरक दिसला तो पालेभाजी, फळे आणि दूध यांनी. ज्या आया हे पदार्थ वारंवार खात, त्यांची बाळे तुलनेने चांगल्या अंगाची होती. दुसरी गोष्ट अशी की ज्या आया गरोदरपणी फार अंगमेहनत करत होत्या, त्यांची बाळे लहान निघाली.

तिसरी गोष्ट आणखी महत्त्वाची. गरोदर स्त्रियांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणींच्या रक्तात ब-१२ हे जीवनसत्त्व कमी होते. फोलेटची कमतरता मात्र क्वचितच होती. ज्या आयांमध्ये फोलेट भरपूर आणि ब-१२ कमी होते, त्यांच्या मुलांच्या शरीरात सहाव्या वर्षीच इन्सुलिनचे काम अडताना दिसले. याचा अर्थ दवाखान्यातल्या लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या फेकून द्याव्यात असा बिलकुल नाही. त्या गोळ्या बाळाच्या मज्जारज्जूसाठी आणि आईच्या रक्तासाठी आवश्यक आहेत. अर्थ एवढाच की त्यांच्या जोडीला ब-१२ सुद्धा पोटात गेले पाहिजे. सहा गावांतली ती मुले मोठी झाल्यावर त्यांना रोज अवघे २ मायक्रोग्रॅम ब-१२ देऊन पाहण्याचा प्रयोग २०१२ पासून हाती घेतला गेला, तो याच कारणाने. आईबाप होण्याआधीच त्यांचे शरीर भरून काढावे, असा त्यामागचा विचार होता.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांतही २००६ पासून असाच एक मोठा प्रयोग झाला. सहा हजारांहून अधिक स्त्रिया त्यात सामील झाल्या. काहींना गरोदर राहण्यापूर्वीपासूनच पालेभाजी, फळे आणि दूध घातलेला एक खाऊ रोज दिला, काहींना बटाटा-कांद्यासारख्या भाजीचा. सगळ्या बाळांचा एकत्र हिशेब केला तर वजनात ठळक फरक दिसला नाही. पण ज्यांनी गरोदर राहण्याआधी किमान तीन महिने तो खाऊ खाल्ला होता, त्यांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमनी जड होती. गरोदरपणातील मधुमेहाचे प्रमाण १२.४ टक्क्यांवरून ७.३ टक्क्यांवर आले. अगदीच हाडकुळ्या आयांच्या बाळांच्या वजनाला मात्र त्या एका खाऊचा उपयोग झाला नाही. जिचे स्वतःचेच शरीर भुकेले आहे, ती आधी स्वतःची झीज भरून काढणार, असा त्याचा अर्थ लावला जातो. म्हणजे पालेभाजी हवी, तशीच पोटभर भाकरीही हवी, आणि सुरुवात दिवस जाण्याच्या आधीपासून हवी.

आपल्या ताटाची लाज कशाला?

ब-१२ कशात असते? भाजीत, डाळीत, धान्यात ते नसते. ते असते दुधात, अंड्यात, मासळीत, मटणात, काळजात. मोठ्या माणसाला दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम ब-१२ लागते. एका पेल्या दुधातून साधारण १ आणि एका अंड्यातून साधारण अर्धा मायक्रोग्रॅम मिळते.

पुण्यात खेड्यातील, झोपडपट्टीतील आणि शहरी मध्यमवर्गातील ४४१ पुरुषांचे रक्त तपासले गेले. तीनांत दोघांच्या रक्तात ब-१२ कमी होते. आणि सर्वात वाईट अवस्था कोणाची होती? शहरी मध्यमवर्गाची, ८१ टक्के! शाकाहारी लोकांत ही कमतरता असण्याचा धोका वारंवार मांसाहार करणाऱ्यांपेक्षा ४.४ पट होता.

बंधू-भगिनींनो, याचा नीट विचार करा. सुकट, बोंबील, वजडी, काळीज या आपल्या आयाआज्यांच्या चुलीवरच्या अन्नाला नाके मुरडली गेली. पोरांना शाळेत डबा उघडायची लाज वाटू लागली. घरी दोन पैसे आले, तेव्हा आपल्यातल्या अनेकांनी ते अन्न सोडले आणि त्या जागी बिस्किटाचे पुडे, वेफर्स, शेव-फरसाण आणले. प्रतिष्ठा मिळाली म्हणून आनंद मानला. प्रयोगशाळा मात्र सांगते की मूठभर सुकटीत जे आहे, ते बिस्किटाच्या अख्ख्या पुड्यात नाही. जो खातो त्याने लाजू नये, आणि जो शाकाहारी आहे त्याने दूध, दही, ताक रोजच्या रोज घ्यावे, गरज पडल्यास डॉक्टरांना विचारून ब-१२ च्या गोळ्या घ्याव्यात. सुकी मासळी खारट असते, म्हणून ती दोनतीन पाण्यांनी चांगली धुवावी. रक्तदाब असलेल्यांनी ती कमीच खावी. काळजात अ जीवनसत्त्व फार असते, म्हणून गरोदर बाईने ते डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय खाऊ नये.

सरकारचे धोरणही इथे पाहण्यासारखे आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शाळेतील पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे, आणि अंडे न खाणाऱ्या मुलाला केळे, देण्याचे ठरवले. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी बंद केला आणि शाळांनी हवे तर लोकसहभागातून अंडी द्यावीत असे सांगितले. ज्या राज्यात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुले खुरटलेली आणि सुमारे ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, त्या राज्यात आठवड्याचे एक अंडे हा काही चैनीचा खर्च नव्हे. पालकांनी शाळेच्या सभेत हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

हे नशीब नाही

हे सारे वाचून कोणी म्हणेल, "आईच्या पोटातच ठरले, मग आता काय उपाय?" ही दैववादी भाषा झाली. बारीक आणि चरबीयुक्त बाळ हे आपल्या रक्ताचे किंवा कुळाचे लक्षण मानण्याचे कारण नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची उपासमार आणि अतिकष्ट यांची ती छाप आहे. परिस्थितीने पडलेली छाप परिस्थिती बदलून पुसता येते.

बाबासाहेबांनी हे फार पूर्वी ओळखले होते. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाचे विधेयक आले, तेव्हा त्यांनी त्याच्या बाजूने भाषण केले. बाळंतपणाआधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणे हे देशाच्याच हिताचे आहे आणि त्याचा भार सरकारनेही उचलावा, असे त्यांनी मांडले. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. सहा गावांतील संशोधनाने सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी त्याला मापातोलाचा पुरावा दिला. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली. पण शेतमजूर बाईला, मोलकरणीला, कचरा वेचणाऱ्या बाईला ती मिळत नाही. ती आठव्या महिन्यातही डोक्यावर ओझे वाहते. ही लढाई अजून बाकी आहे.

घरात आजपासून काय करावे?

१) आपल्याकडे बाई सगळ्यांच्या शेवटी जेवते. तळाची आमटी आणि उरलेली भाकरी तिच्या वाट्याला. ही चाल मोडा. गरोदर सून, अंगावर पाजणारी लेक आणि वयात आलेली मुलगी यांना सर्वांबरोबर बसवा आणि भाजी त्यांना आधी वाढा.

२) 'जास्त खाल्ले तर बाळ मोठे होईल आणि बाळंतपण जड जाईल' ही समजूत सोडा. बाई उपाशी राहिली तर आई आणि बाळ दोघेही दुबळे होतात.

३) रोज एक पालेभाजी. मेथी, चवळी, अंबाडी, तांदुळजा, माठ, शेवग्याचा पाला, जी त्या हंगामात स्वस्त असेल ती. भाकरी, मोड आलेली मटकी, शेंगदाण्याची चटणी यांची जोड द्या. वर लिंबू पिळा, म्हणजे लोह अंगी लागते. जेवणाला लागून चहा पिऊ नका, चहाने लोह अंगी लागत नाही.

४) मिश्री आणि तंबाखू बंद. तंबाखूमुळे पोटातल्या बाळाचे वजन घटते. नवऱ्याने आणि सासूनेही घरात ती ठेवू नये, म्हणजे सुनेला सोडणे सोपे जाते.

५) दिवस राहिल्याचे कळताच अंगणवाडीत आणि आरोग्य केंद्रात नाव नोंदवा. अंगणवाडीतून गरोदर व स्तनदा मातेला शिधा मिळतो, तो तिच्याच पोटात गेला पाहिजे. मातृवंदना योजनेचे पैसे आले तर त्यातून दूध-अंडी आणा, टीव्हीचा हप्ता भरू नका.

६) पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध. त्यानंतर मऊ खिचडी, नाचणीची पेज, डाळ, कुस्करलेले अंडे, केळे. चहात बुडवलेले बिस्किट हे बाळाचे अन्न नव्हे.

७) अशक्त मुलाला गोड आणि तळकट खाऊ घालून फुगवू नका. डाळ, अंडी, दूध द्या आणि मैदानात खेळायला पाठवा. पळण्याने स्नायू होतात, आणि स्नायूच साखर खातात. मुलीलाही तेवढेच खेळू द्या.

८) तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा साखर आणि रक्तदाब तपासावा. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी होते. 'मी तर बारीक आहे' असे म्हणून टाळू नका. दोरीने कंबर मोजा. पुरुषाची ९० आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या वर गेली तर सावध व्हा. १९७२ च्या दुष्काळात सुकडीवर दिवस काढलेल्या आयांच्या पोटी जन्मलेल्यांनी तर पन्नाशीनंतर ही तपासणी चुकवूच नये.

९) हातापायांना मुंग्या येणे, सतत थकवा, जीभ सोलल्यासारखी होणे ही ब-१२ च्या कमतरतेची लक्षणे असू शकतात. डॉक्टरांना दाखवा. अंगारेधुपारे करत बसू नका.

मधुमेह झाल्यावरचा खर्च मजुराच्या घराला परवडत नाही. आज गोळ्या, उद्या इन्सुलिन, परवा पायाची जखम आणि बुडालेली मजुरी. त्या मानाने एक जुडी मेथी आणि एक अंडे फार स्वस्त आहे. महिला मंडळांनी आपापल्या विहारात महिन्यातून एकदा गरोदर आणि वयात आलेल्या मुलींना बोलावून हा विषय समजावून सांगावा, अंगणवाडी सेविकेला आणि आशाताईला तिथे बोलवावे. आणि त्या सभेला पुरुषांनीही यावे, कारण बाजारातून घरात काय येते हे बहुतेक घरांत अजून तेच ठरवतात.